फ्रिजमधल्या ‘कंट्रोल’लाही अँटिजेन असतो: मायलोमा अँटिबॉडीचं बाइंडिंग पहिल्यांदा तपासणाऱ्यांसाठी

फ्लो सायटोमेट्री (रंगीत अँटिबॉडी लावून पेशी एकेक करून तपासणं) चालणाऱ्या कुठल्याही लॅबचा फ्रिज उघडा. दारातल्या कप्प्यात झाकणावर रंगीत टेप चिकटवलेल्या छोट्या व्हायल्सचा डबा असतो, आणि त्यातल्या दोन-तीन व्हायल्सवर ‘आयसोटाइप कंट्रोल’, म्हणजे तुलनेसाठी घेतलेली त्याच जातीची दुसरी अँटिबॉडी, असं लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरात क्लोनचं नाव: एमओपीसी २१, यूपीसी १०, एस१०७. नव्या विद्यार्थ्याला सांगितलं जातं, “ही कशालाच चिकटत नाही, म्हणून ती कंट्रोल.” मलाही असंच सांगितलं होतं आणि मी ते दोन वर्षं खरं मानलं.

खरं असं आहे की यूपीसी १० लेवनला चिकटते. लेवन म्हणजे फ्रुक्टोजची लांब साखळी, काही जिवाणू ती बनवतात. एस१०७ ही आयजीए जातीची अँटिबॉडी फॉस्फोरिलकोलीनला चिकटते, आणि हा गट पेशी मरू लागल्यावर तिच्या पृष्ठभागावर उघडा पडतो. म्हणजे तुमच्या नमुन्यात मेलेल्या पेशी जास्त असल्या, तर ‘कशालाच न चिकटणारी’ आयजीए कंट्रोल खुशाल चमकेल आणि तुम्ही मशिनचं सेटिंग तपासत बसाल. एमओपीसी २१ कंट्रोल म्हणून टिकली, कारण तिचा अँटिजेन, म्हणजे ती ज्याला चिकटते तो पदार्थ, सापडलेला नाही. अँटिजेन नसणं आणि न सापडणं यात फरक आहे.

हा लेख एम.एस्सी.चा प्रोजेक्ट किंवा पीएच.डी.चं पहिलं वर्ष करणाऱ्यांसाठी आहे. उंदराच्या प्लाझ्मा पेशींच्या गाठीतून आलेली अँटिबॉडी, म्हणजे मायलोमा अँटिबॉडी, एखाद्या अँटिजेनला चिकटते, हे आकड्यांनिशी कसं दाखवायचं, ते टप्प्याटप्प्याने सांगते. उदाहरणाला दोन अँटिबॉडी घेतल्या आहेत: फॉस्फोरिलकोलीनला चिकटणारी टीईपीसी १५ आणि डायनायट्रोफेनिल, म्हणजे डीएनपीला, चिकटणारी एमओपीसी ३१५. दोन्ही आयजीए. एलायझा, म्हणजे प्लेटवरच्या रंगावरून बाइंडिंग मोजायच्या चाचणीचा, रीडर आणि चमक मोजणारा फ्लुरोमीटर हाताशी असेल तर आठवडाभरात सगळं उरकतं.

नावं वाचायला शिका

ही नावं कोड्यासारखी वाटतात, पण त्यांत गाठीची जन्मकथा असते. १९५९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये रूथ मर्विन आणि ग्लेन अल्जायर बाल्ब-सी जातीच्या उंदरांच्या पोटात गाळणीच्या पडद्याचे छोटे कक्ष बसवून वेगळेच प्रयोग करत होते. उंदरांना अनपेक्षितपणे प्लाझ्मा पेशींच्या गाठी झाल्या. १९६२ मध्ये तिथल्याच मायकेल पॉटर यांनी शार्लट बॉइस यांच्यासह दाखवलं की कक्षाचीही गरज नाही. पोटात खनिज तेल टोचलं तरी पुरे. म्हणून ‘एमओपीसी’: मिनरल ऑइल प्लाझ्मासायटोमा. पुढे त्या तेलातल्या घटकांचा माग काढत प्रिस्टेन हा शुद्ध हायड्रोकार्बन वापरात आला. शार्कच्या यकृताच्या तेलातही तो असतो. त्याचं रासायनिक नाव टेट्रामिथाइलपेंटाडेकेन, म्हणून ‘टीईपीसी’. जे५५८, एस१०७ ही नावं सॉल्क इन्स्टिट्यूटमधल्या मेल्विन कोन यांच्या गोटातली. आकडे अनुक्रमाचे, त्यांत गूढ काही नाही.

बाल्ब-सी उंदीर या बाबतीत कमालीचा संवेदनशील. बहुतेक इतर जातींच्या उंदरांना तेच तेल टोचलं तर काही होत नाही. शिवाय यातल्या पुष्कळ गाठी आयजीए बनवतात, आणि आयजीए म्हणजे आतड्याच्या अस्तराशी नातं असलेली अँटिबॉडी. जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांत या गाठी कमी होतात, हेही पुढे दिसलं. त्यामुळे या अँटिबॉडींचे अँटिजेन शोधायला लोकांनी जिवाणूंच्या अर्कांपासून सुरुवात केली, ते बरोबरच होतं. १९६८ मध्ये पॉटर आणि मायरन लिऑन यांनी तीन आयजीए प्रथिनं न्युमोकॉकस या न्यूमोनियाच्या जिवाणूच्या ‘सी’ पॉलिसॅकराइडला गाठून अवक्षेप देतात असं दाखवलं. त्या शर्करेतला नेमका पकडीचा भाग म्हणजे फॉस्फोरिलकोलीन, हे लिऑन आणि यंग यांनी १९७१ मध्ये पुढे आणलं.

हाच ‘सी’ पॉलिसॅकराइड आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. कोविडच्या काळात घरोघरी ‘सीआरपी किती आला?’ विचारलं जायचं, त्या सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीनमधला ‘सी’ हाच. सीआरपीदेखील फॉस्फोरिलकोलीनला चिकटतं, पण त्याला कॅल्शियम लागतं. अँटिबॉडीला लागत नाही. हे लक्षात ठेवा, चौथ्या पायरीत उपयोगी पडेल.

पायरी १: उंदीर नको, व्हायल घ्या

जुन्या पद्धतीत गाठीच्या पेशी प्रिस्टेन दिलेल्या उंदराच्या पोटात वाढवून पोटात साठलेलं पाणी काढत. एका उंदरातून मिलिग्रॅमांनी अँटिबॉडी मिळायची. पण उंदराचे हाल होतात, आणि आज संस्थेची प्राणी नैतिकता समिती ‘दुसरा मार्ग का नाही?’ हा प्रश्न विचारते. विचारायलाच हवा. शिकण्यासाठी १ मिलिग्रॅम शुद्ध प्रथिन पुरतं आणि ते विकत मिळतं. पेशीच वाढवायच्या असतील तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहाकडे काय उपलब्ध आहे ते आधी विचारा.

व्हायल आली की लगेच वापरू नका. सोबतचा कागद वाचा आणि चार गोष्टी वहीत उतरवा: हेवी आणि लाइट चेन (अँटिबॉडीच्या जड आणि हलक्या साखळ्या; हलकी कॅपा किंवा लॅम्डा) कुठली, बफर कुठला, सोडियम अझाइड आहे का, आणि टिकण्यासाठी बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलंय का. अझाइड हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज एन्झाइमला मारतं. म्हणजे एलायझाचा रंगच येणार नाही. बीएसए असेल तर पुढच्या पायरीतलं २८० नॅनोमीटरचं रीडिंग निरर्थक ठरतं. मग ५०-५० मायक्रोलिटरचे भाग करून ठेवा. आयजीए वारंवार गोठवली-वितळवली तर गुठळ्या होतात. वापरण्याआधी दहा मिनिटं वेगात सेंट्रिफ्यूज करायची सवय लावून घ्या.

पायरी २: किती आहे ते नाही, किती ‘जागा’ आहेत ते मोजा

२८० नॅनोमीटरला शोषण घ्या. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणाचं रीडिंग साधारण १.४ येतं असं धरा. आता मिलिग्रॅमांत विचार करणं सोडून द्या. एका आयजीए मोनोमरचं (सुट्या एकेरी रेणूचं) वजन सुमारे १,५०,००० डाल्टन आणि त्याला अँटिजेन पकडायच्या जागा दोन. म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे ६.७ मायक्रोमोलर प्रथिन आणि १३.३ मायक्रोमोलर जागा. पुढची सगळी गणितं या दुसऱ्या आकड्यावर चालतात.

पण आयजीए गाठीतून येते ती फक्त मोनोमर नसते. डायमर आणि त्याहून मोठे पुंजकेही असतात. प्लेटवर चिकटवलेल्या अँटिजेनला दोन हातांनी धरणारा रेणू आणि चार हातांनी धरणारा रेणू यांची पकड सारखी दिसत नाही, जरी प्रत्येक हाताची ताकद तीच असली तरी. एका हाताची ताकद मोजायची असेल तर आयजीए सौम्य पद्धतीने सुटी करावी लागते: १० मिलिमोलर डायथायोथ्रायटॉलमध्ये (डीटीटी) खोलीच्या तापमानाला तासभर, मग मोकळे झालेले सल्फर बंद करायला त्याच्या दुपटीहून जास्त आयोडोअॅसिटामाइड, आणि शेवटी डायलिसिस, म्हणजे पडद्याच्या पिशवीतून लहान रेणू बाहेर काढणं. फ्लुरोमीटरच्या प्रयोगासाठी मी हे करतेच. एलायझासाठी आळस करते.

इथे एक जागा अशी आहे की नवखा माणूस हमखास घाबरतो. डीटीटी न घालता एसडीएस जेल (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं) चालवलं की आयजीजीचा एकच जाड पट्टा वर दिसतो. बाल्ब-सी उंदराच्या आयजीएचं तसं नसतं. तिची लाइट चेन हेवी चेनला डायसल्फाइडने जोडलेली नसते. दोन लाइट चेन एकमेकींना जोडलेल्या असतात. एसडीएसमध्ये त्या सुटतात आणि ५० किलोडाल्टनच्या आसपास वेगळा पट्टा दिसतो. “मॅडम, प्रथिन तुटलंय” म्हणत एक मुलगा माझ्याकडे आला होता, तेव्हा मलाही आधी तसंच वाटलं. तुटलेलं नव्हतं.

पायरी ३: चार खणांचा चौकोन

आता एलायझा. ‘टीईपीसी १५ फॉस्फोरिलकोलीनवर रंग देते’ एवढंच दाखवलं तर काहीच सिद्ध होत नाही. चिकट प्रथिनं सगळीकडे चिकटतात. म्हणून दोन अँटिबॉडी आणि दोन अँटिजेन घेऊन चौकोन मांडा.

प्लेटच्या अर्ध्या भागात फॉस्फोरिलकोलीन जोडलेलं बीएसए, अर्ध्या भागात डीएनपी जोडलेलं बीएसए, दोन्ही ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, रात्रभर ४ अंशांना. शेवटच्या दोन रांगांत नुसतं बीएसए. सकाळी धुऊन १ टक्का बीएसएने ब्लॉक करा. मग टीईपीसी १५ आणि एमओपीसी ३१५, दोन्ही २ मायक्रोग्रॅमपासून सुरू करून दुपटीने पातळ करत सगळ्या अँटिजेनवर लावा. तास-दीड तासाने धुणं, मग पेरॉक्सिडेज जोडलेली दुसरी अँटिबॉडी, टीएमबी (एन्झाइममुळे रंगणारा पदार्थ), आम्ल, ४५० नॅनोमीटर.

हवं ते चित्र असं: टीईपीसी १५ फॉस्फोरिलकोलीनवर पिवळी, डीएनपीवर कोरी, एमओपीसी ३१५ बरोबर उलट, बीएसएवर दोन्ही कोऱ्या. कर्णावर रंग, बाकी पांढरं. दोन्ही अँटिबॉडी आयजीए आहेत, दोघींचा मागचा भाग सारखा आहे, म्हणून एक दुसरीची कंट्रोल होऊ शकते. ‘नॉर्मल माउस सीरम’पेक्षा ही कंट्रोल कितीतरी प्रामाणिक आहे. नॉर्मल सीरममध्ये फॉस्फोरिलकोलीनविरुद्धच्या अँटिबॉडी मुळातच असतात.

दोन ठिकाणी पाय घसरतो.

एक, दुसरी अँटिबॉडी. लॅबमध्ये सवयीने उंदराच्या कॅपा लाइट चेनविरुद्धची अँटिबॉडी उचलली जाते. टीईपीसी १५ कॅपा आहे, पण एमओपीसी ३१५ लॅम्डा २ आहे. कॅपावाली दुसरी अँटिबॉडी तिला पाहूच शकत नाही, आणि तुम्ही ‘डीएनपीला चिकटत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होता. अल्फा चेनविरुद्धची, म्हणजे आयजीएच्या हेवी चेनविरुद्धची, अँटिबॉडी घ्या.

दोन, ब्लॉकिंग. फॉस्फोरिलकोलीनच्या प्रयोगात दूध पावडर आणि गाईच्या वासराचं सीरम वापरू नका. दोन्हींत फॉस्फोलिपिड असतात, आणि फॉस्फॅटिडिलकोलीनचं डोकं म्हणजे तुमचा हॅप्टेनच (अँटिबॉडी धरते तो छोटा रेणू). स्वतःच्या हाताने स्पर्धक घालून मग सिग्नल का कमी आला म्हणून डोकं खाजवायचं, यात अर्थ नाही.

पायरी ४: मोकळा हॅप्टेन घालून पकड सोडवा

मला विचाराल तर हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि घाईत हाच गाळला जातो. अँटिबॉडी प्लेटवर बसण्याआधी तिच्यात मोकळा फॉस्फोरिलकोलीन मिसळायचा. तिच्या जागा त्यानेच भरल्या तर प्लेटकडे जायला हात मोकळे उरणार नाहीत आणि रंग उतरेल. रंग उतरला नाही, तर ती प्लेटला दुसऱ्याच कुठल्यातरी कारणाने चिकटत होती.

अँटिबॉडीची मात्रा आधी ठरवा: आधीच्या वक्रावर जिथे रंग कमाल मात्रेच्या निम्म्याच्या जवळपास आहे, ती. कमाल मात्रेवर इनहिबिशन करू नका. तिथे निम्म्या अँटिबॉडी अडल्या तरी रंग हलत नाही. मग हॅप्टेन १० मिलिमोलरपासून दहापटीने उतरत १ मायक्रोमोलरपर्यंत. अर्धा तास ट्यूबमध्ये एकत्र ठेवा, मग प्लेटवर. शेजारच्या रांगेत नुसता कोलीन, त्याच्या शेजारी डीएनपी-लायसिन. फॉस्फोरिलकोलीनने रंग उतरायला हवा, कोलीनने बराच कमी उतरायला हवा, डीएनपी-लायसिनने अजिबात नाही. एमओपीसी ३१५ ची रांग उलटी.

आता माझी फजिती सांगते. बाजारात फॉस्फोरिलकोलीन बहुधा कॅल्शियम क्षाराच्या रूपात मिळतो. मी तो सरळ फॉस्फेट बफरमध्ये विरघळवला. अँटिबॉडी घातली आणि ट्यूबमध्ये सुंदर पांढरं ढगाळ काहीतरी दिसू लागलं. जुन्या पेपरांत ‘अवक्षेप’ वाचलेलं होतं, त्यामुळे मी हरखले, फोटोही काढला. गाइडनी तो फोटो पाहिला आणि एवढंच विचारलं, “अँटिबॉडी न घातलेल्या ट्यूबमध्ये काय दिसतंय?” तीही ढगाळ होती. कॅल्शियम फॉस्फेट. चुनखडी बनवली होती मी. तेव्हापासून हा हॅप्टेन ट्रिस बफरमध्येच विरघळवते, आणि पीएच तपासून. ट्रिसचा दुसरा फायदा असा की टीईपीसी १५ ची जागा फॉस्फेट गटही ओळखते, मग बफरमध्ये फॉस्फेटचा पूर कशाला?

सीरम किंवा पोटातलं पाणी असा अशुद्ध नमुना तपासत असाल तर सीआरपीसारख्या प्रथिनांचं भान ठेवा. त्याच नमुन्यात ५-१० मिलिमोलर ईडीटीए घालून पुन्हा चालवा. कॅल्शियम पकडलं गेलं की सीआरपीची पकड सुटते, अँटिबॉडीची राहते.

या प्रयोगातून रंग निम्मा व्हायला लागलेली मात्रा मिळते. ती म्हणजे विघटन स्थिरांक (निम्म्या जागा भरायला लागणारी मोकळ्या हॅप्टेनची मात्रा; जितकी कमी तितकी पकड घट्ट) नव्हे. प्लेटवर हॅप्टेनची गर्दी असते, अँटिबॉडी दोन-चार हातांनी धरते, त्यामुळे तिला सोडवायला मोकळा हॅप्टेन जास्त लागतो. फॉस्फोरिलकोलीनला धरणाऱ्या या प्रथिनांचा बंधन स्थिरांक प्रति मोलर १ लाखाच्या घरात आहे, म्हणजे विघटन स्थिरांक १० मायक्रोमोलरच्या आसपास. तुमचा आकडा त्याहून मोठा आला तर दचकू नका.

पायरी ५: फ्लुरोमीटरसमोर एक दुपार

एमओपीसी ३१५ साठी याहून सुबक पद्धत आहे. अँटिबॉडीतले ट्रिप्टोफॅन २८० नॅनोमीटरचा प्रकाश घेऊन ३५० च्या आसपास सोडतात. डीएनपी नेमका त्याच पट्ट्यात, ३६० ला, प्रकाश शोषतो. डीएनपी जागेत बसला की जवळच्या ट्रिप्टोफॅनची ऊर्जा तोच घेतो आणि चमक विझते. ही चमक विझण्याची पद्धत हर्मन आयझेन यांच्या गटाने १९६० च्या सुमारास अँटिबॉडींसाठी रुळवली, आणि १९६८ मध्ये आयझेन, सिम्स आणि पॉटर यांनी एमओपीसी ३१५ डीएनपीला चिकटते हे जाहीर केलं.

आधी एप्सिलॉन-डीएनपी-लायसिनचं द्रावण. वजन करून मात्रा ठरवू नका. ३६० ला शोषण घ्या आणि १७,४०० ने भागा. ५० मायक्रोमोलरचं द्रावण ०.८७ रीडिंग देईल. ट्यूबला फॉइल गुंडाळा, हातमोजे घाला.

क्युव्हेटमध्ये २ मिलिलिटर एमओपीसी ३१५, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. जागांची मात्रा ०.६७ मायक्रोमोलर, म्हणजे क्युव्हेटमध्ये एकूण १.३३ नॅनोमोल जागा. आता ५० मायक्रोमोलर डीएनपी-लायसिनचे ५-५ मायक्रोलिटर घालत जा. प्रत्येक थेंबात ०.२५ नॅनोमोल. प्रत्येक थेंबानंतर हलकेच ढवळा, दोन मिनिटं थांबा, रीडिंग लिहा. पहिल्या थेंबाला सुई झपकन खाली येते. दुसरा, तिसरा, चौथा: जवळपास तेवढीच. मग पाचव्या-सहाव्या थेंबाच्या आसपास घसरण मंदावते आणि नंतर रेघ जवळजवळ सपाट होते. १.३३ भागिले ०.२५ म्हणजे ५.३. जिथे वळण येतं तिथे जागा भरल्या. कागदावर काढलेला आकडा समोरच्या काचेच्या चौकोनी डबीत खरा ठरताना बघणं, हे मला अजूनही आवडतं.

वळण अडीच-तीन थेंबांवरच आलं तर? अर्ध्या जागा निकामी आहेत, किंवा आधीच भरलेल्या आहेत. दुसरी शक्यता जास्त. ही अँटिबॉडी बहुधा डीएनपी जोडलेल्या कॉलमवर शुद्ध करतात आणि डीएनपी-ग्लायसिनने सोडवून घेतात. तो हॅप्टेन नीट काढला नाही तर जागांमध्ये बसून राहतो. व्हायल पांढऱ्या कागदासमोर धरा. पिवळसर झाक दिसली तर आयन-एक्स्चेंज रेझिनवरून काढून पुन्हा मोजा. ३६० ला शोषण घेतलंत तर झाक डोळ्यांना दिसण्याआधीच कळेल.

शेजारी तोच थेंबांचा प्रयोग एमओपीसी २१ वरही करा. तिथे जी थोडी घसरण दिसेल ती द्रावण पातळ झाल्याची आणि डीएनपीने वाटेतच प्रकाश खाल्ल्याची. तेवढी पहिल्या आकड्यांतून वजा करायची. इथे एमओपीसी २१ कंट्रोल म्हणून तिच्या योग्य जागी आहे.

बंधन स्थिरांक काढायचा असेल तर मात्र अँटिबॉडी आणखी पातळ घ्या. तिचा डीएनपी-लायसिनसाठीचा स्थिरांक प्रति मोलर १ कोटीच्या घरात, म्हणजे विघटन स्थिरांक ०.१ मायक्रोमोलरच्या आसपास. जागांची मात्रा त्याहून खूप जास्त असली तर घातलेला जवळजवळ प्रत्येक रेणू पकडला जातो. जागा मोजता येतात, पकडीची ताकद नाही. नवखे या दोन प्रयोगांची गल्लत करतात आणि एकाच वक्रातून दोन्ही काढू बघतात.

पायरी ६: सरळ रेघेचं मोल

प्रत्येक थेंबाला किती हॅप्टेन बांधला गेला आणि किती मोकळा राहिला हे काढून स्कॅचर्ड आलेख मांडा: आडव्या अक्षावर प्रति रेणू बांधलेले हॅप्टेन, उभ्यावर त्याला मोकळ्या हॅप्टेनने भागून येणारा आकडा. आज सॉफ्टवेअर वक्र थेट बसवून देतं आणि स्थिरांकासाठी तेच वापरा. पण हा आलेख एकदा हाताने काढा.

लस टोचलेल्या सशाच्या सीरममधल्या डीएनपीविरोधी अँटिबॉडींचा हा आलेख वाकडा येतो, कारण त्यात घट्ट धरणाऱ्या, सैल धरणाऱ्या सगळ्या एकत्र असतात. सीरम म्हणजे मिसळीच्या डाळी. मायलोमा म्हणजे एकाच वाणाचं बियाणं. एका पेशीची संतती, एकच अँटिबॉडी, म्हणून रेघ सरळ. आणि ती आडव्या अक्षाला मोनोमरसाठी दोनजवळ छेदते. १९६८ मध्ये शंका हीच होती की या उंदराला कुणी डीएनपी टोचलेलाच नाही, मग हे बाइंडिंग म्हणजे निव्वळ योगायोगाचा चिकटपणा तर नाही ना? रेणूमागे नेमक्या दोन जागा, सगळ्या सारख्या, आणि ताकद टोचून मिळवलेल्या अँटिबॉडींच्या तोडीची, या तीन गोष्टींनी ती शंका मागे पडली.

डीएनपी प्रयोगशाळेतला पदार्थ. उंदराच्या पूर्वजांनी तो कधी पाहिला नसणार. पुढे असंही दिसलं की एमओपीसी ३१५ मेनाडायोन, म्हणजे व्हिटॅमिन के-३, यालाही धरते. तिच्या जागेत सपाट, इलेक्ट्रॉनची ओढ असलेली कडी बसते, मग ती कुठल्या नावाने आलीय याच्याशी तिला देणंघेणं नाही. ‘हिचा अँटिजेन डीएनपी’ असं लिहिताना ‘आम्ही डीएनपी दिला म्हणून’ हे मनात धरावं.

आत नेमकं काय चाललंय

प्रयोगाला हे लागत नाही, पण वाचून ठेवा. मॅकपीसी ६०३ ही फॉस्फोरिलकोलीन धरणारी आणखी एक मायलोमा. डेव्हिड डेव्हिस यांच्या गटाने पॉटर यांच्या सहकाऱ्यांबरोबर १९७४ मध्ये तिच्या अँटिजेन धरणाऱ्या तुकड्याची, हॅप्टेन बसलेला असतानाची, स्फटिक रचना दाखवली. हेवी आणि लाइट चेनच्या मधे सुमारे १२ अँगस्ट्रॉम खोल खळगा आहे. फॉस्फेटची टोकं हेवी चेनच्या अर्जिनिन ५२ आणि टायरोसिन ३३ ने पकडलेली, आणि कोलीनची धन भाराची बाजू खळग्याच्या आत, जिथे ग्लुटामिक आम्ल ३५ आहे. चौथ्या पायरीत कोलीन एकटा कमी पडतो तो या फॉस्फेटच्या पकडीमुळे.

त्या ३५ क्रमांकाची गोष्ट तर फारच बोलकी आहे. १९८४ मध्ये बेट्टी डायमंड आणि मॅथ्यू शार्फ यांना एस१०७ पेशींचा एक बदललेला वाण सापडला. हेवी चेनमध्ये ग्लुटामिक आम्ल ३५ च्या जागी अॅलनिन, बदल एवढाच. ती अँटिबॉडी फॉस्फोरिलकोलीन सोडून देते आणि दुहेरी डीएनएला चिकटते. एका अमिनो आम्लाने न्युमोकॉकस ओळखणारी अँटिबॉडी ल्युपस या स्वयंप्रतिकार आजारात सापडणाऱ्या अँटिबॉडींच्या वळणावर जाते. पेशी वर्षानुवर्षं वाढवत असाल तर हे आठवा: दर काही महिन्यांनी तिसऱ्या पायरीतला चौकोन पुन्हा चालवून बघा, गोठवलेल्या जुन्या नमुन्याशी ताडून.

पुन्हा फ्रिजकडे

डब्यातल्या व्हायल्सवर आता मी कंट्रोल लिहीत नाही. पांढऱ्या टेपवर मार्करने अँटिजेन लिहिते. यूपीसी १०: लेवन. टीईपीसी १५ आणि एस१०७: फॉस्फोरिलकोलीन, मरणाऱ्या पेशी आणि ऑक्सिडाइज झालेला एलडीएल यांपासून जपून. एमओपीसी १०४ई ही आयजीएम: अल्फा १-३ डेक्स्ट्रान. डब्ल्यू३१२९: अल्फा १-६ डेक्स्ट्रान, म्हणून सेफाडेक्सच्या (प्रथिनं गाळायच्या मण्यांच्या) कॉलमवर घालू नये, सेफाडेक्स मुख्यतः त्याच दुव्यांच्या डेक्स्ट्रानचं बनलेलं असतं, ती तिथेच अडकून बसेल. एमओपीसी ३१५: डीएनपी, त्याच्यासारखाच टीएनपी (ट्रायनायट्रोफेनिल), व्हिटॅमिन के-३, लाइट चेन लॅम्डा.

मेलेल्या पेशी असलेल्या नमुन्यासाठी आयजीए कंट्रोल हवी असेल तर एस१०७ ऐवजी ही शेवटचीच उचला. फक्त दुसऱ्या अँटिबॉडीची व्हायल हातात घेताना ती कॅपावाली नाही ना, तेवढं बघा.